मान धरायच्या वयात लेकरू उसाच्या फडावर, तपासणार कोण?

घाटनांदूर (ता. अंबाजोगाई) : दसरा-दिवाळी झाली की या भागातल्या वाड्या-तांड्यांवरून ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडं निघतात. कोयत्याबरोबर अंगावरचं लेकरूही जातं. सप्टेंबरात जन्मलेलं मूल निघताना दीड-दोन महिन्यांचं असतं, पट्टा पडून गावी येतं तेव्हा सहा-सात महिन्यांचं. नेमक्या याच काळात त्याची मान, हात-पाय, नजर कुणीतरी बघायला हवी.

कागदावर सोय आहे. बाळंतपणानंतर ४२ दिवसांपर्यंत आशाताई घरी येते. पुढं ३, ६, ९, १२ आणि १५ व्या महिन्याला भेटी ठरलेल्या आहेत. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येऊन वाढीतला उशीरही तपासतं. पण सप्टेंबरच्या लेकराची तिसऱ्या महिन्याची भेट गावात होणार कशी? लेकरूच गावात नाही. कारखान्याकडच्या आशाताईकडं त्याची नोंद असेलच असं नाही.

तपासणीच्या साधनांची चर्चा मराठी भाषांतरापाशीच थांबते. तेवढ्यानं भागत नाही. तिरुवनंतपुरमचा १७ मुद्द्यांचा तक्ता तसा सोपा. लेकराच्या वयावर पेन्सिल उभी धरायची आणि डावीकडचं सगळं त्याला येतं का बघायचं. पण त्यात आधारानं जिना चढणं आहे, बाहुलीचे अवयव दाखवणं आहे. कोपीत जिना कुठला अन् बाहुली कुठली? दिवसभर झोळीत राहिलेलं लेकरू पालथं उशिरा पडलं, तर दोष अंगात आहे की त्याला जागाच मिळाली नाही, हे पुन्हा बघावं लागतं. आणि "याचा बापबी उशिराच चालला होता" म्हणून घरचे गप्प बसतात, ते वेगळंच.

दुसरी एक पद्धत फडावरही चालण्यासारखी आहे. डॉ. हाइन्झ प्रेख्टल यांनी ती घडवली. तीन ते पाच महिन्यांचं निरोगी बाळ जागं आणि शांत असताना उताणं पडल्या पडल्या मान, मनगटं, घोटे बारीक बारीक हलवत राहतं. ही हालचाल दिसतच नसेल तर सेरेब्रल पाल्सीचा धोका मोठा असतो. यंत्र लागत नाही. उघड्या हातापायांच्या बाळाचा काही मिनिटांचा व्हिडिओ लागतो, आणि मोबाइल टोळीत असतोच. बघणारी नजर मात्र शिकलेलीच हवी, व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकून निदान होत नसतं. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाचं वय डॉक्टरांनी दिलेल्या तारखेपासून मोजायचं, हेही आईला सांगायला हवं.

अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय याच तालुक्यात आहे. कमी वजनाची, दिवसाआधी जन्मलेली, जन्मताच न रडलेली बाळं कोणती, हे प्रसूतीच्या नोंदीत असतं. टोळी निघण्याआधी तेवढ्या आयांना व्हिडिओ कसा काढायचा, कुणाला पाठवायचा हे दाखवणं अवघड नाही. नंतर तपासायला बोलावलं तर मात्र अडचण आहे. फडावरून दवाखान्यात जायचं म्हणजे खाडा, आणि खाड्याचे पैसे मुकादम उचलीतून धरतो.