बंबातले पाणी

गेल्या वर्षीची नरकचतुर्दशी. पहाटे उटणे लावून झाले, पहिला तांब्या अंगावर पडला आणि मी ओरडलो, "अगं, उटण्यात रॉकेल मिसळलंस की काय?"

"उटणं नेहमीचंच आहे. नाक तपासून घ्या," असे म्हणत सौभाग्यवती आत डोकावल्या आणि त्यांनीच नाकाला पदर लावला. आदल्या दिवशी नळाला धार बारीक होती, म्हणून बंबात सोसायटीच्या बोअरचे पाणी भरले होते. वास त्याला येत होता.

आम्ही स्वारगेटला राहतो. शेजारच्या मोकळ्या जागेवर पूर्वी पेट्रोलपंप होता. कुणाचा, ते सांगत नाही. त्याला जाऊनही बरीच वर्षे झाली. वरची यंत्रे नेली, ते सगळ्यांनी पाहिले होते. खालच्या टाक्यांचे काय झाले, ते मात्र कुणालाच आठवेना. स्वारगेटचे हे असेच. २०१९ साली मेट्रोसाठी खणताना एक जुना भुयारी मार्ग अचानक पुढ्यात आला होता!

सोसायटीची सभा भरली. "वास जाईल चार दिवसांत. पुनर्विकासाचं बोलणं चालू आहे, आत्ता बोभाटा नको," चिटणीस म्हणाले. माना डोलल्या. खरे सांगायचे, तर माझीही डोलली. संध्याकाळी रखवालदाराची धाकटी मुलगी बोअरच्या नळाला ओंजळ लावून पाणी पिताना दिसली, तेव्हा मात्र मी घरात येऊन भाच्याला फोन लावला. तो भूजलाच्या कामातला.

"मामा, वास जाणं ही चांगली खूण नव्हे," तो म्हणाला. "पावसाळ्यानंतर पाण्याची पातळी चढते आणि मुरमात अडकलेल्या इंधनाला टेकते. उन्हाळ्यात ती उतरेल, वास कमी होईल, तेल जागच्या जागी राहील."

"उकळून घेतलं तर?"

"मग ते बंद न्हाणीघरात नाकात जाईल. तुम्हाला कळलं कसं?"

पुढचा हिशेब ऐकून मी खुर्चीत बसलो. आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये एक टक्क्यापर्यंत बेन्झिन असू शकते. पेट्रोल पाण्यावर तरंगते, पण बेन्झिन थोडे थोडे विरघळते, आणि ते कर्करोगाला कारण होते. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम सांगितली आहे. म्हणजे एका लिटर पेट्रोलातले बेन्झिन सुमारे पावणेनऊ लाख लिटर पाणी त्या मर्यादेला नेऊन पोचवते. दहा हजार लिटरचे जवळजवळ अठ्ठ्याऐंशी टँकर!

सातारा जिल्ह्यात २०२१ साली चोरट्यांनी इंधनवाहिनी फोडली, तेव्हा पेट्रोल शेतात आणि विहिरींत गेले. ते निदान लगेच दिसले. टाकीचा गंजलेला तळ थेंबाथेंबाने गळतो. शिवाय पुण्याखाली काळा पाषाण. वाळूत गळती बरीचशी उताराने सरकते. खडकात ती भेग नेईल तिकडे. जवळची विहीर स्वच्छ आणि पलीकडची बाधित, असेही घडते.

जागेच्या नव्या मालकाला राजी करण्यात पाच महिने गेले. जुलै २०२५ पासून दूषित जागांसाठी केंद्राचे नियम आहेत आणि साफसफाईचा खर्च दूषित करणाऱ्याकडून घ्यायची तरतूद त्यांत आहे, हे त्यांनी शांतपणे ऐकले. तळघराच्या खड्ड्यात पेट्रोलची वाफ साचली आणि कुणी विडी पेटवली तर, हे भाच्याने विचारल्यावर मात्र ते लगेच उठून बसले.

मग तीन भोके पाडली. दोन का नाहीत, हा खर्चाचा प्रश्न अर्थात चिटणिसांचा. पाण्याचा उतार कुठल्या दिशेला आहे, हे ठरवायला तीन ठिकाणची पातळी लागते. दर काही फुटांवरची माती काढून तिची वाफ यंत्राला हुंगवली. पाणी काचेच्या बाटल्यांत काठोकाठ, आत बुडबुडाही न ठेवता भरले आणि बर्फात घालून प्रयोगशाळेत धाडले. बुडबुडा राहिला, तर बेन्झिन पाण्यातून निघून त्यात जाऊन बसते!

टाक्या खालीच होत्या. दोन. आमच्या बोअरमध्ये बेन्झिन मर्यादेच्या वर निघाले.

सभेत पुन्हा कुजबुज झाली. तेव्हा वरच्या मजल्यावरच्या आजी उठल्या. १९६१ च्या जुलैत पानशेत फुटले, नळ कोरडे पडले आणि पुणे विहिरींवर जगले, ते त्यांनी पाहिलेले. "तेव्हा पाण्याला गाळ होता," त्या म्हणाल्या, "पण तो दिसत होता हो."

बोअरला कुलूप लागले. रखवालदाराच्या खोलीत पालिकेच्या पाण्याचा नळ आला. टाक्या काढायचे काम पाडव्यानंतर सुरू व्हायचे आहे. चिटणीस अजून माझ्याशी बोलत नाहीत. यंदा बंबासाठी नळाच्या दोन बादल्या आम्ही रात्रीच भरून ठेवल्या आहेत.