काळविटाच्या मुलखात

कुंभकोणमहून पहाटे निघून, अरसलारचा पूल ओलांडून, नीडामंगलम-मन्नारगुडीवरून जे कुटुंब मोटारीने वेदारण्यमकडे जाते, त्यातील मुलांना भातखाचरांच्या त्या अखंड हिरवाईपलीकडे वन्य पशू वसत असतील अशी शंकाही येत नाही. परंतु मिठागरांच्या शुभ्र राशी मागे पडून कोडियक्करैच्या तृणभूमीवर पिळदार शिंगांचा, नेत्रांभोवती श्वेत वलये ल्यालेला कृष्णवर्ण काळवीट बदामी माद्यांसह अकस्मात दृष्टीस पडतो, तेव्हा गाडीतील सारा कलकलाट क्षणात निमतो.

१७९९ पर्यंत हा मुलूख तंजावरच्या भोसल्यांच्या अंमलाखाली होता आणि रामेश्वरच्या यात्रेकरूंच्या मुक्कामासाठी त्यांनी वाटेवर छत्रे बांधली होती. या मुलखातील मराठी घरांतून निघालेल्या आजच्या पोरांना देवदर्शनाइतकेच हे मृगदर्शनही घडावे, असे आम्हांस मनापासून वाटते. १९६७ साली कोडियक्करैला अभयारण्य झाले. २००२ साली रामसर यादीत या पाणथळीची नोंद झाली. हिवाळ्यात रोहित पक्ष्यांचे थवे उथळ खाऱ्या पाण्यात उतरतात, आणि माणसाळलेपण विसरलेली तट्टेही येथे मोकाट चरतात.

चिंता एवढीच, की वेडी बाभूळ गवताळ माळ गिळीत चालली आहे. काळविटाला दाट झाडी नको, दूरवर दिसणारे उघडे रान हवे; अहिल्यानगर जिल्ह्यातील रेहेकुरी ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे सांगावयास नको. या अंकातील प्रवासलेख वाचून कोणी तिकडे निघालेच, तर वाहन सावकाश हाकावे, कर्णा वाजवू नये, आणि दुर्बीण प्रथम धाकट्याच्या हाती द्यावी.