“जरा जवळ घ्या” असे म्हणू नका

मागच्या महिन्यात एका रविवारी सकाळी आपांचा फोन आला. त्यांचा मुलगा सिएटलला नोकरीला आहे. येत्या उन्हाळ्यात तो आईला अलास्काची सफर घडवणार आहे. मोठ्या जहाजाने जुनोपर्यंत आणि तिथून छोट्या बोटीने हिमनदीचे तोंड पाहायला. त्याने आईला एक व्हिडिओ पाठवला होता. बर्फाचा निळसर कडा, एखाद्या उंच इमारतीएवढा, पाहता पाहता पाण्यात कोसळतो आणि बोटीवरचे लोक आनंदाने ओरडतात.

आपा म्हणाल्या, “तू मुलांना भूगोल शिकवतोस, तर मला खरं सांग. जाऊ की नको? मला बर्फापेक्षा त्या बोटीची फिकीर वाटली.”

मी आठ दिवसांची मुदत मागून घेतली आणि वाचायला बसलो. जे हाती लागले ते आपांना सांगितले. आता इथेही सांगतो, कारण आपल्या अनेक घरांतली मुले परदेशात आहेत आणि आईवडिलांना असे काही दाखवण्याची हौस त्यांना असते.

हिमनदी म्हणजे शेकडो वर्षे साचलेल्या बर्फाचा प्रवाह. तो स्वतःच्या वजनाने हळूहळू उताराकडे सरकतो. काही हिमनद्या थेट समुद्राला मिळतात. तिथे खालून समुद्राचे पाणी बर्फ झिजवते आणि वरून मागचा बर्फ ढकलत राहतो. मग कड्याचा तुकडा सुटतो. हे कधी होईल, ते कुणालाच मिनिटावर सांगता येत नाही. कधी आधी बंदुकीसारखा आवाज येतो, बारीक तुकडे गळतात. कधी काहीच कळत नाही.

धोका वरून पडणाऱ्या बर्फाचा, एवढेच आपल्याला वाटते. खरे तर धोके तीन आहेत.

पहिला वरचा. उंच सुळका पायाशी तुटला तर सरळ खाली न बसता पुढे आडवा होऊ शकतो. म्हणजे कड्याच्या उंचीइतके लांब उभे राहणेही पुरेसे नाही.

दुसरा खालचा, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. बर्फाचा मोठा भाग पाण्याखाली असतो. तिथून तुटलेला तुकडा हलका असल्यामुळे जोराने वर उसळतो, आणि तो कड्यापासून बऱ्याच अंतरावरही बाहेर येऊ शकतो. अलास्कातील पीटर्सबर्ग गावाजवळची लकाँट हिमनदी अशा उसळणाऱ्या बर्फासाठीच ओळखली जाते. वरचा कडा शांत आहे म्हणून खालचाही शांत असेल, असे समजू नये.

तिसरा लाटेचा. 2 जुलै 2014 रोजी ग्रीनलंडच्या पश्चिमेला एकिप सेर्मिया हिमनदीचा सुमारे 200 मीटर उंचीचा कडा कोसळला. सुमारे नऊ लाख घनमीटर बर्फ एकदम पाण्यात गेला. सुरुवातीची लाट 50 मीटर उंच होती आणि ती सेकंदाला 25 ते 33 मीटर वेगाने निघाली, म्हणजे ताशी 90 ते 120 किलोमीटर. त्या वेळी एक पर्यटक बोट कड्यापासून 800 मीटरवर होती आणि तिच्यावरून हे चित्रित झाले. चार किलोमीटर लांबच्या समोरच्या काठावरही पाणी 10 ते 15 मीटर उंच चढले आणि तिथले बांधकाम मोडले. 800 मीटर अंतर या वेगाने पार व्हायला अर्धे मिनिट लागते. तीच बोट 200 मीटरवर असती तर कप्तानाला तोंड वळवायलासुद्धा वेळ मिळाला नसता. लाट पसरत जाते तशी तिची उंची उतरते, म्हणून अंतर म्हणजे वेळही आणि कमी झालेली लाटही.

जवळ गेल्याने काय होते, त्याचे उदाहरण ऑगस्ट 2007 मधले आहे. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर होर्नब्रेन हिमनदीपाशी ‘अलेक्सी मारिशेव’ नावाचे जहाज ब्रिटिश पर्यटकांना घेऊन गेले होते. बर्फ कोसळला, समुद्र खवळला आणि बर्फाचे तुकडे डेकवर आदळले. दीड डझनाच्या आसपास माणसे जखमी झाली. ते काही होडके नव्हते, चांगले जहाज होते.

बोटीत नसलो म्हणजे सुटलो, असेही नाही. अर्जेंटिनातील पेरितो मोरेनो हिमनदीसमोर लोक पूर्वी काठावर अगदी पाण्याजवळ उभे राहत. 1968 ते 1988 या वीस वर्षांत उडालेल्या बर्फाच्या तुकड्यांनी तिथे 32 जणांचा जीव गेला. आज पर्यटक उंचावर बांधलेल्या मार्गांवरून ती पाहतात.

मग लोक जवळ का जातात? कप्तानाला धोका ठाऊक नसतो म्हणून नव्हे. पुष्कळदा प्रवाशांमुळे. “इतके पैसे भरले, जरा जवळ घ्या की!” असे दहा जण म्हणाले की कप्तानावर दडपण येते. शेजारची बोट पुढे गेली की आणखी येते. हे आपल्याला नवीन नाही. मुरुडला जंजिऱ्याकडे जाताना शिडाच्या होडीत फोटोसाठी सगळे एका बाजूला उभे राहतात आणि तांडेल ओरडत असतो, “बसा, बसा!” त्याचे ऐकणारे थोडेच. अलास्कातील जाणते नाविक कड्यापासून निदान पाव मैल, बऱ्याचदा अर्धा मैल अंतर राखतात. असा कप्तान भित्रा नव्हे. आपण त्याचे आभार मानले पाहिजेत.

अंतराचा अंदाज आपल्यालाही घेता येतो, आणि मुलांना तर हा खेळ आवडेल. बर्फ पडताना दिसला की मोजायला लागा. आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो. तीन मोजल्यावर आवाज आला तर तुम्ही साधारण एक किलोमीटरवर आहात. दिसणे आणि ऐकू येणे एकदमच झाले तर फारच जवळ आहात.

आता पाण्याविषयी. हिमनदीजवळचे पाणी गोठण्याच्या जरा वरच असते. अशा पाण्यात पडलेल्या माणसाचा पहिल्या मिनिटात श्वास अडकतो, धाप लागते आणि त्याच वेळी पाणी नाकातोंडात जाते. पुढची साधारण दहा मिनिटे हातपाय काम देतात. शुद्ध हरपायला बहुधा तासभर लागतो. म्हणजे पट्टीचा पोहणाराही आधी थंडीने नव्हे, तर धाप लागून आणि हात आखडून बुडतो. म्हणून लाइफ जॅकेट बाकाखाली ठेवून उपयोग नाही. पाण्यात पडल्यावर ते चढवता येत नाही. ते अंगावर, पट्टे आवळून, बोट सुटण्याआधीच हवे.

आणखी एक गोष्ट मागच्याच वर्षी कळली. 10 ऑगस्ट 2025 रोजी पहाटे अलास्काच्या ट्रेसी आर्म खाडीत हिमनदीजवळचा डोंगर घसरला आणि समोरच्या कड्यावर पाणी शेकडो मीटर चढले. पहाटेची वेळ होती म्हणून सफरीच्या बोटी तिथे नव्हत्या आणि कुणाचा जीव गेला नाही. हिमनदी मागे हटली की तिच्या आधाराने उभे असलेले डोंगरही सैल होतात. म्हणून कुठली खाडी सध्या खुली आहे, ते तिथल्या माणसांना विचारून ठरवावे, जुन्या व्हिडिओवरून नाही.

हे सगळे ऐकून आपा म्हणाल्या, “म्हणजे नको जाऊ?” मी म्हटले, “जरूर जा. पण तुमच्या लेकाला तिकीट काढण्याआधी चार प्रश्न विचारायला सांगा.” ते असे. सगळ्यांना, लहान मुलांच्या मापाचीही, जॅकेट आहेत का? बोट कड्यापासून किती लांब थांबते आणि ते कोण ठरवते? मागे बर्फ दाटून परतीची वाट बंद होऊ नये, याची काळजी कशी घेतात? आणि लाट आली तर प्रवाशांनी काय करायचे, हे निघण्याआधी समजावतात का?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. लाट दिसली की कप्तान बोटीची नाळ लाटेकडे वळवतो. आपण फोन खिशात टाकायचा, बसायचे, दोन्ही हातांनी कठडा धरायचा आणि मुलांना मध्ये घ्यायचे. पहिली लाट गेली म्हणून उठायचे नाही. मागून दुसरी येते आणि तिच्याबरोबर बर्फाचे तुकडेही येतात. तरंगत्या हिमनगाला हात लावायला वाकू नये, त्यावर चढण्याचा तर विचारही नको. तो कधी उलटा होईल, सांगता येत नाही.

परवा भाच्याचा फोन आला. “मामू, एका कंपनीचा माणूस म्हणाला, आम्ही सगळ्यांत जवळ नेतो. दुसऱ्याने आधी अम्मीचं वय विचारलं आणि जॅकेटचं माप.” मी विचारले, “मग?” तो म्हणाला, “दुसऱ्याकडे पैसे भरले.” मागून आपांचा आवाज आला, “त्याला विचार, लोकरीची टोपी तिथं मिळते की इथूनच विणून नेऊ?”