विरोध केला, आता जबाबदारी घ्या!

२००७ साली महाराष्ट्र विधिमंडळात सर्वपक्षीय आमदारांनी शालेय लैंगिक शिक्षणावर आक्षेप घेतला आणि शासनाने तो उपक्रम थांबवला. शरीराची माहिती द्यायची, परंतु संयम, दायित्व आणि कुटुंबसंस्था यांचा विचार दुय्यम मानायचा, अशा शिक्षणाला विरोध करणे रास्तच होते. ‘हा विषय शाळेचा नाही, घराचा आहे’, हा त्या विरोधामागचा युक्तिवादही बिनतोड होता. प्रश्न इतकाच की, घराने तो विषय हाती घेतला काय?

धाराशिव जिल्ह्यापुरते पाहिले तरी उत्तर समाधानकारक नाही. आई भवानीच्या या भूमीत नवरात्रात शक्तीची उपासना होते. मात्र घरातील मुलीला पाळी आली की आवाज कुजबुजीवर येतो. ऊसतोडीला जाणारे कुटुंब वयात आलेल्या लेकीच्या काळजीपोटी तिचे लग्न उरकून टाकते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात २० ते २४ वयोगटातील २१.९ टक्के स्त्रियांचा विवाह अठरा वर्षांआधी झाला होता. शहरी मध्यमवर्गानेही निर्धास्त राहू नये. वडील बोलत नाहीत म्हणून एसटी स्थानकाच्या भिंतीवरील भोंदू वैद्यांच्या जाहिराती मुलाशी बोलतात आणि मोबाईल तर त्याहून विकृत धडे देतो. स्वप्नावस्थेतील स्खलन हा नैसर्गिक शरीरधर्म. त्याला ‘दोष’ म्हणून मुलांना भयभीत करणारा बाजार पालकांच्या मौनावरच पोसला जातो.

हे मौन म्हणजे संस्कृती नव्हे. गर्भाधान हा सोळा संस्कारांतील पहिला संस्कार आणि काम हा चार पुरुषार्थांपैकी एक. सोळा वर्षांखालील स्त्री आणि पंचवीस वर्षांखालील पुरुष यांचे अपत्य गर्भातच दगावते वा दुर्बल निपजते, असा इशारा सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात आहे. ज्या परंपरेने हे निःसंकोच सांगितले, तिचे वारस आज पोटच्या मुलांसमोर मान खाली घालतात, हा दैवदुर्विलास!

मुलगी दहा वर्षांची झाली की आईने पाळीविषयी बोलावे. पाळी येण्याची वाट पाहू नये. वडिलांनी मुलाला शरीरातील बदल सांगावेत, स्त्रीचा ‘नाही’ हा शब्द मानायला शिकवावे आणि २०१२ चा पोक्सो कायदा अठरा वर्षांखालील मुलीची संमती ग्राह्य धरत नाही, हेही समजावावे. शब्द सुचत नसतील तर शासकीय रुग्णालयांतील ‘मैत्री’ केंद्रांत १० ते १९ वयोगटासाठी समुपदेशनाची सोय आहे. तेथे जाण्यात कमीपणा नाही.

कुटुंब प्रबोधनाच्या बैठकांतून सहभोजनाचा आग्रह धरणाऱ्या कार्यकर्त्यांनी आता त्या पंगतीत हा संवादही आणावा आणि आरंभ स्वतःच्या घरापासून करावा. शाळेचे दार बंद करणाऱ्यांनी घराचे दार उघडले नाही, तर मुले तिसऱ्याच दारात जाऊन उभी राहतील. तेव्हा पाश्चात्त्यांना दोष देण्याचा अधिकार कोणालाही उरणार नाही.