विंचवाचे बिऱ्हाड आणि चुकलेली वाट

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, अशी आपल्या भाषेत म्हण आहे. ज्याला ठरलेला ठावठिकाणा नाही, त्याच्याविषयी बोलताना आपण ती वापरतो आणि त्या वेळी आपल्या स्वरात थोडी कीवही असते. परंतु अमेरिकेसारख्या देशात असे बिऱ्हाड पाठीवर घेऊन हिंडणे ही हौसेची गोष्ट समजली जाते. तेथे मोटारहोम नावाचे एक वाहन असते. आपण त्याला घरगाडी म्हणू. बाहेरून पाहावी तर लांब पल्ल्याच्या बसएवढी. आत शिरावे तर निजावयाची खोली, गॅसची शेगडी, न्हाणीघर, पाण्याची टाकी असा सारा संसार. नोकरीतून निवृत्त झालेली जोडपी, सुट्टीवर निघालेली लेकुरवाळी कुटुंबे अशा गाड्यांतून महिनोन्‌महिने प्रवास करतात. आपल्या वाचकांपैकी फारच थोड्यांनी अशी गाडी पाहिली असेल. तथापि या गाड्या वाट कशी चुकतात आणि चुकल्यावर त्यांचे काय होते, हे जाणून घेण्यासारखे आहे. कारण त्यातून निघणारा बोध आपल्या उंबरठ्यापर्यंत येऊन पोहोचतो.

मोठ्यात मोठी घरगाडी सुमारे ४५ फूट लांब, साडेआठ फूट रुंद आणि १२ ते १३ फूट उंच असते. असे असूनही तेथील अनेक राज्यांत ती साध्या मोटारीच्या परवान्यावर चालविता येते. म्हणजे काल ज्याने चार माणसांची छोटी मोटार चालविली, तोच आज एवढे धूड घेऊन रस्त्यावर येतो. त्याचे हात आणि डोळे मात्र कालच्याच सवयीचे असतात. वळण घेताना लांब गाडीची मागची चाके पुढच्या चाकांच्या मागोमाग जात नाहीत, ती वळणाच्या आतल्या बाजूस सरकतात. आणि मागच्या चाकांच्या पलीकडे निघालेला गाडीचा शेपटाकडील भाग उलट दिशेस बाहेर झुकतो. पुढचा भाग सुखरूप वळला म्हणून चालक निःश्वास सोडतो, तोच मागे एखादा खांब किंवा कुंपण आडवे येते. पुष्कळ लोक घरगाडीच्या मागे आपली छोटी मोटार चारही चाकांवर ओढून नेतात. अशी जोडगाडी मागे घेता येत नाही. अरुंद गल्लीत अडकले, तर खाली उतरून मोटार सोडवावी लागते, आणि मग एकेक वाहन निराळे मागे घ्यावे लागते.

लांबीहून उंचीचा घोटाळा अधिक. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्यात डरहॅम नावाचे शहर आहे. तेथे एका रेल्वेपुलाखालून रस्ता जातो. त्या पुलाखालची उंची ११ फूट ८ इंच होती. पुलाच्या आधी पाट्या होत्या, पिवळे दिवे लुकलुकत होते, पुढे सिग्नलही बसविण्यात आला. तरीही भाड्याच्या मालमोटारी आणि इतर उंच गाड्या त्यावर आदळतच राहिल्या. शेजारच्या इमारतीतून एका गृहस्थाने २००८ पासून त्यांची चित्रफीत घेण्यास आरंभ केला. पुढील दहा-अकरा वर्षांत शंभराहून अधिक गाड्यांची छपरे सोललेली तिने टिपली. अखेर २०१९ साली रेल्वेने पूल उचलून १२ फूट ४ इंच केला. तरी धडका पुरत्या थांबल्या नाहीत. पाटी दिसत नव्हती असे नव्हे. ती आपल्यासाठी आहे, एवढेच आपल्या गाडीची उंची ठाऊक नसलेल्या चालकास वाटत नव्हते.

काही ठिकाणी रस्ताच जुन्या मापाचा असतो. यूटा राज्यातील झायन राष्ट्रीय उद्यानात डोंगर पोखरून १९३० साली एक बोगदा खुला करण्यात आला. तो मैलाहून थोडा अधिक लांब आहे. त्या काळच्या मोटारी लहान होत्या. पुढे मोठ्या गाड्या येऊ लागल्या, तेव्हा ११ फूट ४ इंचांहून उंच किंवा ७ फूट १० इंचांहून रुंद वाहनासाठी समोरून येणारी वाहतूक थांबवून, त्यास बोगद्याच्या मधोमध नेण्याची व्यवस्था अनेक वर्षे करावी लागली. माँटाना राज्यातील ग्लेशियर उद्यानात १९३३ साली खुला झालेला डोंगरी रस्ता आहे. त्याच्या कड्यालगतच्या भागात २१ फुटांहून लांब गाडीस प्रवेशच नाही. या रस्त्यांवर नियम तरी लिहिलेले आहेत. ज्या हजारो आडवाटांवर कोणी काहीच लिहिलेले नाही, तेथे काय करावे?

तेथे हल्ली माणूस मोबाईलवरील नकाशावर विसंबतो. हे यंत्र मोठे उपकारी आहे, यात शंका नाही. पण साध्या नकाशाला तुमची गाडी केवढी हे ठाऊक नसते. लवकरात लवकर पोहोचविणारी वाट शोधणे एवढेच त्याचे काम. उंची, लांबी व वजन आधी भरून घेऊन मगच वाट सांगणारी यंत्रे मोठ्या गाड्यांसाठी मिळतात. परंतु पुष्कळांकडे ती नसतात. आपल्याकडे पूर्वी रानात वाट चुकली म्हणजे चकवा लागला असे लोक म्हणत. आजचा चकवा आपण खिशात घेऊनच निघतो, आणि तो मोठ्या गोड आवाजात बोलतो.

तथापि सारा दोष यंत्रावर ढकलणे न्यायाचे होणार नाही. २००६ साली ऑरेगन राज्यातील डोंगरांत घडलेल्या दोन घटना पाहा. त्या वर्षीच्या मार्च महिन्यात एका कुटुंबातील सहा जण, त्यांत दोन लहान मुले, ३५ फुटी घरगाडीतून अ‍ॅशलंड या गावाहून समुद्रकिनाऱ्याकडे निघाले. वाटेत डोंगरावरून जाणारा रस्ता त्यांनी धरला. पुढे बर्फ लागले आणि गाडी रुतली. तीस-पस्तीस फुटांची गाडी बर्फातल्या अरुंद रस्त्यावर वळविणार कशी? एक नव्हे, दोन नव्हे, तब्बल सतरा दिवस ही माणसे तेथे अडकून पडली. अखेरीस त्यांच्यापैकी दोघे पायी मदत शोधण्यास निघाले, ते लोकांच्या दृष्टीस पडले आणि सर्वांची सुटका झाली. ज्या गाडीच्या आकारामुळे ते अडकले, त्याच गाडीतील अंथरूण-पांघरूण, गॅस आणि वाळवलेला शिधा यांनी त्यांना जगविले.

दुसरे कुटुंब इतके सुदैवी नव्हते. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरअखेर पतिपत्नी आणि दोन चिमुकल्या मुली साध्या मोटारीतून त्याच भागात किनाऱ्याकडे चालली होती. महामार्गावरून वळावयाचा फाटा रात्री हुकला. परत मागे जाण्याऐवजी त्यांनी कागदी नकाशावर पाहून पुढचा डोंगरी रस्ता धरला. बर्फाने वाट अडण्याचा संभव आहे, असे सांगणाऱ्या पाट्या त्या रस्त्यावर होत्या. अंधारात आणि बर्फात ते आणखी एका आडरस्त्यास लागले व तेथे अडकले. ऊब मिळावी म्हणून त्यांनी गाडीचे टायर जाळले. आठवडा उलटल्यावर, २ डिसेंबरला, पिता मदत आणण्यासाठी बर्फातून एकटाच चालत निघाला. ४ डिसेंबरला आई आणि दोन्ही मुली सुखरूप सापडल्या. ६ डिसेंबरला पित्याचा मृतदेह मिळाला. मुलांसाठी प्राण वेचणाऱ्या त्या पित्यापुढे आमचे मस्तक नम्र होते. त्याला दोष देण्याचा अधिकार कोणासही नाही. रात्र झालेली, मुले पेंगुळलेली, मुक्काम जवळ आलासा वाटत असलेला. अशा वेळी आपणही पुढचीच वाट धरली नसती असे कोण छातीवर हात ठेवून म्हणेल?

हे सारे दूरदेशीचे म्हणून बाजूस सारू नये. २०२४ च्या डिसेंबरात परप्रांतातून गोव्यास निघालेले एक कुटुंब मोबाईलच्या नकाशामागे जात जात आपल्या बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात, भीमगडच्या अरण्यात शिरले. रात्रीची वेळ, रस्ता संपलेला, मोबाईलला नेटवर्क नाही. त्यांनी ती रात्र गाडीतच जागून काढली. सकाळी काही मैल चालत गेल्यावर नेटवर्क मिळाले, तेव्हा त्यांनी ११२ क्रमांकावर पोलिसांना बोलाविले आणि त्यांची सुटका झाली. खानापुराहून गोव्यास कोणत्या वाटेने जावे, हे तेथील चहाच्या दुकानातले पोरही सांगू शकले असते. पण ज्याच्या हातात नकाशा असतो, तो सहसा विचारीत नाही.

या सर्व हकिकतींत एक समान धागा आम्हांस दिसतो. पहिली चूक प्रत्येक वेळी लहान होती: एक फाटा हुकला, एक पाटी नजरेआड झाली. त्या क्षणी मागे फिरण्यास दहा-पंधरा मिनिटे लागली असती. परंतु ‘आता इतके आलो आहोत, तर थोडे पुढे जाऊन पाहू’ असा विचार मनात येतो, आणि दर मैलागणिक वाट अरुंद व परतणे महाग होत जाते. मोठ्या गाडीच्या बाबतीत तर हा हिशेब फार कठोर आहे. छोटी मोटार कोठेही वळते. मोठ्या गाडीला वळण्यासाठी मोकळे मैदान लागते, आणि ते मैदान बहुधा मागेच राहिलेले असते.

जपमाळ करताना आनंदाच्या पाचव्या रहस्यात आपण एका परतीच्या प्रवासाचेच चिंतन करीत असतो. पास्काचा सण आटोपून पवित्र मरिया आणि संत योसेफ यरुशलेमहून नाझरेथकडे निघाली. बाळ येशू सोबतच्या मंडळीत असेल असे समजून ती एक दिवसाची वाट चालून गेली. नातलगांत व ओळखीच्यांत शोध घेतला, आणि तो नाही असे कळताच ती दोघे मागे फिरली. केवढा मोठा तांडा बरोबर असेल! लोक काय म्हणतील, एवढे चाललेले वाया जाईल, असा विचार त्यांनी केला नाही. तिसऱ्या दिवशी पुत्र मंदिरात सापडला. जगातील सर्वांत पवित्र कुटुंबालाही एक दिवसाची वाट उलट चालावी लागली, तर आपण कशाला लाजावे?

आपल्या गावांतून दरवर्षी डिसेंबरात जुन्या गोव्यास संत फ्रान्सिस झेवियर यांच्या फेस्तासाठी आणि सप्टेंबरात वेलांकणीस यात्रेकरूंच्या गाड्या जातात. पन्नास-पन्नास माणसे भरलेली बस ही एक प्रकारची घरगाडीच होय. म्हणून चार गोष्टी आम्ही सुचवितो. टपावर सामान बांधल्यावर गाडीची एकूण उंची मोजावी आणि ती चालकासमोर ठळक अक्षरांत लिहून ठेवावी. चोर्ला, अनमोड किंवा आंबोली यांपैकी कोणत्या घाटाने जावयाचे आणि त्या दिवशी तो मोठ्या गाड्यांस खुला आहे किंवा नाही, हे निघण्यापूर्वी विचारावे. रात्रीच्या वेळी जवळची वाट म्हणून धोपट मार्ग सोडू नये. पाणी, थोडा कोरडा शिधा आणि पांघरुणे जवळ ठेवावीत. अरुंद वाटेवर गाडी घालण्यापूर्वी एकाने उतरून पुढे चालत पाहून यावे. आणि गाडी मागे घ्यावी लागली, तर चालकावर ओरडू नये. जो माघार घेतो त्याला हसावयाचे नाही, एवढा नियम यात्रेच्या आरंभीच सर्वांनी मान्य केला, तर अर्धी संकटे टळतील. पुष्कळदा मागच्या बाकावरच्या एखाद्या मुलीने पाटी वाचलेली असते. मोठी माणसे रागावतील म्हणून ती गप्प बसते.

घराची गाडीही अशीच चालते. लग्नाच्या जेवणावळीसाठी काढलेले पहिले कर्ज, शनिवारी संध्याकाळी घेतलेला पहिला प्याला, भावाशी धरलेला पहिला अबोला, हे सारे हुकलेले फाटेच होत. पत्नी हळूच सांगते, म्हातारी आई सुचविते, कधी मुलांचे डोळेच सांगतात. पण सुकाणू हाती असलेल्या माणसाला ते ऐकणे जड जाते. संसारही मोठी गाडी आहे. तीत पाच-सात जीव बसलेले असतात, आणि ती वळविण्यास मैदान लागते. ते मैदान आहे तोवर वळावे. पवित्र शास्त्राच्या हिब्रू भाषेत पश्चात्तापासाठी जो शब्द आहे, त्याचा मूळ अर्थच मुळी परत फिरणे असा आहे.

नवी गाडी घेतली की आपण ती चर्चच्या दारी नेतो. फादर तिच्यावर पवित्र पाणी शिंपडतात, आणि प्रवाशांचा कैवारी संत ख्रिस्तोफर याचे पदक आपण चालकासमोर टांगतो. ही चांगली चाल आहे. यापुढे त्या पदकाकडे पाहताना, सुखरूप पोहोचण्याच्या मागण्यासोबत आणखी एक मागणे मागावे: वाट चुकली असे कोणी सांगितले, तर ते ऐकून घेण्याची आणि वेळीच मागे वळण्याची बुद्धी परमेश्वराने आम्हांला द्यावी.