अक्कलदाढ : अंगावर काढू नका, घाईने उपटूही नका

आमच्या माहितीतली एक मुलगी. वय बावीस, पोलीस भरतीची तयारी करणारी. खालची शेवटची दाढ ठणकू लागली तेव्हा आजीने तिथे मिश्री दाबली. मेडिकलमधून गोळ्या आणल्या. दुखणे थांबले, पुन्हा आले. असे चार महिने चालले. मग एका रात्रीत गाल सुजला, तोंडात चमचा जाईना, ताप चढला. आठवडाभर दवाखान्यात राहावे लागले आणि मैदानी चाचणीची तारीख हातची गेली. दाढ वेळेत दाखवली असती तर एका दुपारचे काम होते.

सातारा-सांगलीच्या वस्त्यांत फिरताना अशा कहाण्या आम्हाला नेहमी ऐकायला मिळतात. आमचे मत असे, की अक्कलदाढेबाबत आपण दोन टोकाच्या चुका करतो. एक तर दुखणे अंगावर काढतो, नाहीतर कोणी घाबरवले म्हणून न दुखणारी चांगली दाढही उसनवारी करून काढून घेतो.

अक्कलदाढ म्हणजे जबड्याची सर्वांत शेवटची दाढ. वर दोन, खाली दोन. बहुतेकांना ती १७ ते २५ वर्षांच्या दरम्यान येते. काहींना चारही येतात, काहींना एकही येत नाही. अकलेशी तिचा काही संबंध नाही. ती येते तेव्हा बाकीचे २८ दात आपापली जागा धरून बसलेले असतात. जागा अपुरी पडली की ही दाढ तिरकी किंवा आडवी अडकते. अर्धी बाहेर, अर्धी हिरडीत राहिली तर तिच्यावर हिरडीची झापड तयार होते. झापडीखाली अन्न साचते, ब्रश पोचत नाही, जंतू वाढतात आणि पू होतो. ठणका लागतो तो यामुळे.

मग काढायची कधी? त्या जागी वारंवार सूज किंवा पू येत असेल, दाढ भरता येणार नाही इतकी किडली असेल, तिच्यामुळे शेजारची चांगली दाढ किडत असेल, किंवा एक्स-रेमध्ये गाठ दिसत असेल, तर काढलेली बरी. अशा वेळी वर्षानुवर्षे थांबू नये. वय वाढते तसे हाड घट्ट होते, काढणे अवघड जाते आणि जखमही उशिरा भरते.

पण दाढ सरळ आली असेल, दुखत नसेल, ब्रशने साफ होत असेल, तर तिला हात लावायचे कारण नाही. अडकलेल्या दाढेलाही काही आजार नसेल तर ती सरसकट काढू नये, असे ब्रिटनच्या सरकारी आरोग्य संस्थेने २००० सालीच सांगितले आहे. म्हणून डॉक्टरांना विचारा : एक्स-रेमध्ये काय दिसते? काढली नाही तर काय होईल? खर्च किती? विचारणे हा उद्धटपणा नाही, आपला हक्क आहे.

आता मिश्रीबद्दल. माताभगिनींनो, मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. तिने दाढ बधिर झाल्यासारखी वाटते, पण आतला पू तसाच राहतो. वर तोंडाच्या कॅन्सरचा धोका आणि व्यसन. गालाला बाहेरून गरम शेक देऊ नका, गोळी कुटून हिरडीवर ठेवू नका, हिरडी भाजते. दवाखान्यात जाईपर्यंत कोमट मिठाच्या पाण्याने गुळण्या कराव्यात, एवढे पुरे. तोंड उघडत नसेल आणि गुटख्याची सवय असेल, तर ‘अक्कलदाढ असेल’ म्हणून गप्प बसू नका. गुटख्यानेही तोंड आखडते आणि ती कॅन्सरच्या आधीची पायरी असू शकते.

दाढ काढली की नजर जाते, ही भीती खोटी आहे. दाताच्या आणि दृष्टीच्या शिरा वेगळ्या आहेत. खालच्या दाढेजवळून ओठाला जाणारी शीर मात्र असते. क्वचित ओठ बधिर राहतो, म्हणून एक्स-रे आधी काढून घ्यावा. साखर, रक्तदाब, रक्त पातळ करणारी गोळी किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा.

काढल्यावर कापसाचा बोळा अर्धा-पाऊण तास दाबून धरा. त्या दिवशी थुंकू नका, गुळण्या करू नका, गरम खाऊ नका. दुसऱ्या दिवसापासून मिठाच्या पाण्याने हळू गुळण्या करा. मिश्री, तंबाखू, विडी बंद. जखमेत धरलेली रक्ताची गुठळी निघाली तर हाड उघडे पडते आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी आधीपेक्षा जास्त ठणका लागतो.

गिळता येत नसेल, जबड्याखाली सूज उतरत असेल, श्वास अडत असेल, तर रात्र काढू नका. ताबडतोब सातारा, सांगली किंवा मिरजेचे मोठे सरकारी रुग्णालय गाठा. यात जीव जाऊ शकतो.

पैशांचे काय? सार्वजनिक आरोग्य विभागाच्या ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांना हा निर्णय लागू नाही, तिथे ठरलेले शुल्क पडते. सांगलीत आणि कराडजवळ मलकापूरला दंत महाविद्यालये आहेत. तिथेही चौकशी करा.

मोफत असे कागदावर लिहून दाढ निघत नाही. पुढच्या पौर्णिमेला विहारात जमाल तेव्हा दाढेचा त्रास असलेल्यांची यादी करा. चार-पाच जण मिळून आपल्या तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात जा आणि विचारा : दातांचे डॉक्टर कोणत्या वारी असतात, एक्स-रे मशीन चालू आहे का? उत्तर नकारार्थी आले तर तिथेच लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. एकट्याचे दुखणे घरात राहते. दहा जणांची सही झाली की ती मागणी होते.