यंदा नको

गेल्या फाल्गुनात मी मंडईतून द्राक्षे आणली. तळाचा घड बुरसटलेला निघाला. “अहो, पुडी उघडून पाहायची तरी!” असे म्हणत सौभाग्यवतींनी तो कचऱ्यात टाकला. मी म्हणालो, “फ्रान्समध्ये लोक या बुरशीची वाट पाहतात.” त्यावर तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती नजर संसारी वाचकांना सांगायला नको! पण मी थाप मारीत नव्हतो.

बोर्दो शहराच्या आग्नेयेला सुमारे ४० किलोमीटरांवर सोतेर्न नावाचे गाव आहे. तेथल्या टेकडीवर ‘शातो दिकेम’ हा द्राक्षमळा आहे. विस्तार सुमारे १०० हेक्टर. १८५५ साली बोर्दोच्या मद्यांची प्रतवारी झाली, तेव्हा गोड पांढऱ्या मद्यांत सर्वांत वरची पायरी एकट्या या मळ्याला मिळाली. मी स्वतः त्याचा थेंबही चाखलेला नाही. मला नवल वाटते ते त्या जागेचे.

जवळून सिरों नावाची लहानशी नदी वाहते. झाडांच्या दाट सावलीतून आल्यामुळे तिचे पाणी गार असते. पुढे ती गारोन या मोठ्या, उबदार नदीला मिळते. शरद ऋतूत या दोन पाण्यांच्या भेटीतून धुके उठते आणि सकाळी मळ्यांवर पसरते. त्या ओलीने पिकल्या द्राक्षांवर बुरशी धरते. दुपारी ऊन पडते, वारा सुटतो, धुके विरते. बुरशीने सालीला पाडलेल्या बारीक छिद्रांतून पाणी उडून जाते आणि मण्यात उरतो मधासारखा दाट रस. मात्र ऊन पडलेच नाही, पाऊस लागून राहिला, तर हीच बुरशी सारा घड कुजवून टाकते. धुके हवे आणि ऊनही हवे. एकावाचून दुसरे व्यर्थ!

मातीचेही तसेच. वर गोटे, खाली चिकणमाती. गोटे उन्हाची ऊब धरतात, चिकणमाती ओल धरते. पण पाणी साचले तर वेलीचे नुकसान. म्हणून एकोणिसाव्या शतकात जमिनीखाली निचऱ्याचे नळ घातले गेले. त्यांची लांबी भरते सुमारे १०० किलोमीटर! तोडणीही एका दमात होत नाही. माणसे पुन्हा पुन्हा त्याच ओळींतून फिरतात आणि तयार झालेले तेवढेच मणी वेचतात. एका वेलीमागे रस मिळतो जेमतेम पेलाभर.

आणि एवढे करूनही १९५१, १९५२, १९६४, १९७२, १९७४, १९९२ आणि २०१२ या वर्षी मळ्याने आपल्या नावाची एकही बाटली बाजारात आणली नाही. मशागत झाली होती, खर्च झाला होता. पण रस नावाला साजेसा नव्हता. बस्स, यंदा नको!

हे वाचले आणि मला माझी एक प्रस्तावना आठवली. काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याने कवितांची वही आणली. कविता कच्च्या होत्या. ते मला कळत होते. पण मुलाचा उत्साह पाहून मी चार गोड पाने लिहून दिली. वडिलांनी भविष्यनिर्वाह निधीतून पैसे काढून पुस्तक छापले. त्याचे गठ्ठे अजून त्यांच्या खाटेखाली आहेत. मुलाने त्यानंतर कविता लिहिली नाही. धुके मी भरपूर दिले, ऊन दाखवलेच नाही.

यंदा श्रावणात दुसरा एक मुलगा वही घेऊन आला. मी ती दोनदा वाचली. आठ ओळी खरोखर चांगल्या होत्या, त्यांच्याखाली पेन्सिलीने रेघा ओढल्या आणि वही परत करीत म्हणालो, “छापायचे यंदा नको.” त्याचा चेहरा उतरला. माझ्याही पोटात कालवले.

दारापर्यंत जाऊन तो वळला. “सर, मग पुन्हा केव्हा येऊ?”

आतून सौभाग्यवतींचा आवाज आला, “आधी चहा घेऊन जा म्हणावं!”